नाव मराठी, म्हणून बॅकअप अपुरा?

मालेगावचे आमचे एक स्नेही आहेत. साडीचा माल काढणारे माग आहेत, शिवाय सुताची थोडी ठोक विक्री. हिशेब संगणकावर. रोज रात्री पेढी बंद करण्यापूर्वी बाहेरच्या हार्ड डिस्कवर बॅकअप घ्यायचा, हा त्यांचा नेम आठ महिन्यांत एकदाही चुकला नव्हता. एके सकाळी संगणकाची डिस्क बसली. 'बॅकअप आहे ना, मग काळजी कसली?' असे ते स्वतःच मुनीमजींना म्हणाले. बॅकअप उघडला. टॅलीचा डेटा होता, बिले होती, जीएसटीची विवरणपत्रे होती, बँकेचे कागद होते. परंतु 'कारागिरांची उचल' हे फोल्डर कुठेच सापडेना. सुतवाल्यांच्या जुन्या येण्या-देण्याच्या फोल्डरला त्यांच्या पुतण्याने उर्दूत नाव दिले होते, तेही नव्हते. इंग्रजी नावाचे सारे आले आणि मराठी-उर्दू नावाचे सारे राहिले.

उचलीचा हिशेब म्हणजे काय हे आमच्या वाचकांना सांगायला नको. लग्नासाठी कोणी पंधरा हजार घेतलेले, आजारपणात कोणी चार हजार, आणि दर आठवड्याच्या मजुरीतून थोडे थोडे फिटत आलेले. एक वयस्क कारागीर पुढे येऊन म्हणाला, 'शेठ, माझे बाराशेच राहिले होते.' शेठना आठवत होते बत्तीसशे. दोघेही खरे बोलणारे. पण कागद नाही. अशा वेळी गेलेली वस्तू संगणकाची नसते, दुसऱ्याची अमानत असते.

आता हे आठ महिने बॅकअपचा प्रोग्राम काय सांगत होता ते पाहा. रोज रात्री पडद्यावर हिरवी खूण येई, तिच्या शेजारी लहानसा पिवळा त्रिकोण आणि 'कम्प्लीटेड विथ वॉर्निंग्ज' ही अक्षरे. काम झाले, पण काही इशारे आहेत, असा त्याचा अर्थ. तो इशारा काय आहे हे कोणी उघडून पाहिले नाही. आम्ही बसून जुने लॉग वाचले. प्रत्येक रात्रीच्या लॉगमध्ये प्रश्नचिन्हांच्या रांगा होत्या आणि प्रत्येकीपुढे एकच वाक्य : 'द फाइलनेम, डिरेक्टरी नेम, ऑर व्हॉल्यूम लेबल सिंटॅक्स इज इनकरेक्ट.' म्हणजे फायलीचे नाव नियमाला धरून नाही. तक्रार रोज होत होती. वाचणारा कोणी नव्हता. त्यातच टॅलीचा मूळ डेटा अंकी नावांच्या फोल्डरांत राहतो, त्यामुळे तो दरवेळी सुखरूप येई आणि मालकांची समजूत होई की सगळेच आले.

संगणक दुरुस्त करायला आलेल्या मुलाने निकाल दिला, 'मराठीत नावे कशाला टाकता? इंग्रजीत टाका.' हा सल्ला आमच्या प्रत्येक व्यापारी बांधवाने कधी ना कधी ऐकला असेल. आमचे स्पष्ट मत असे की हा सल्ला उलट्या बाजूने दिलेला आहे. चूक करणारा प्रोग्राम तसाच ठेवून गिऱ्हाइकाने आपली लिपी बदलावी, असा त्याचा अर्थ होतो. शिवाय तो व्यवहारालाही धरून नाही. ज्यांचा हिशेबात जन्म गेला त्या मुनीमजींना मराठी बिनचूक येते, इंग्रजी अडखळत येते. आणि आपली माणसांची नावे रोमन लिपीत लिहू लागलो की घोटाळा अधिकच वाढतो. शेख हे आडनाव कोणी ए-आय घालून लिहितो, कोणी ई-आय घालून, कोणी नुसते ई घालून. कुरेशी कोणी क्यूने सुरू करतो, कोणी के-ने. युसुफच्या तर तऱ्हा मोजायलाच नकोत. एकाच माणसाच्या तीन फायली तीन ठिकाणी होतात आणि शोधायला गेलो तर दोन सापडत नाहीत. मराठीत शेख म्हणजे शेख. तेव्हा आपल्या लिपीत नाव टाकणे हा भावनेचा प्रश्न नाही. माल ओळखता येण्याचा आहे.

दोष कुठे आहे हे थोडे खोलात जाऊन समजून घेतले पाहिजे, म्हणजे कोणी आपल्याला टोपी घालणार नाही.

डिस्कचा दोष नाही. विंडोजची एनटीएफएस ही डिस्कवर फायली मांडण्याची पद्धत १९९३ साली आली, आणि तेव्हापासूनच ती फायलींची नावे युनिकोडमध्ये ठेवते. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची, आणि तीत देवनागरीलाही जागा होती, अरबी-उर्दूच्या अक्षरांनाही होती. म्हणजे जमीन तीस वर्षांहून अधिक काळ आपल्या अक्षरांना तयार आहे. अडचण मधल्या माणसाची आहे. विंडोजमध्ये फाइल मागण्याच्या दोन खिडक्या आहेत असे समजा. नव्या खिडकीवर नाव युनिकोडमध्ये दिले जाते आणि तेथे कोणतीही लिपी चालते. जुन्या खिडकीवर मात्र नाव एका ठरावीक तक्त्यातल्या अक्षरांतच द्यावे लागते. आपल्याकडचे संगणक बहुधा १२५२ क्रमांकाच्या तक्त्यावर चालतात, आणि तो पश्चिम युरोपातील भाषांचा आहे. अरबी लिपीसाठी १२५६ हा वेगळा तक्ता आहे; पण त्यातही उर्दू की-बोर्डावरील 'ये'ला जागा नाही. आणि देवनागरीसाठी तर विंडोजने असा तक्ताच काढला नाही, कारण आपली लिपी विंडोजमध्ये आली तीच युनिकोडच्या मार्गाने.

मग जुन्या खिडकीवर उभा असलेला प्रोग्राम काय करतो? तक्त्यात न सापडणाऱ्या प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवतो आणि त्या नावाची फाइल मागतो. विंडोजच्या नियमाप्रमाणे प्रश्नचिन्ह फायलीच्या नावात चालतच नाही. म्हणून 'सिंटॅक्स इज इनकरेक्ट', किंवा कधी 'फाइल सापडत नाही'. फाइल जागेवर असते. मागणाऱ्याला तिचे नाव उच्चारता येत नाही, इतकेच.

याहून वाईट प्रकार दुसरा आहे. काही प्रोग्राम हुशारी करून प्रश्नचिन्हाऐवजी खालची आडवी रेघ घालतात. सलीम या नावात स, ल, दीर्घ वेलांटी आणि म अशी चार चिन्हे आहेत. करीम या नावातही चारच. दोघांची खाती चार आडव्या रेघांच्या एकाच नावाने बॅकअपमध्ये जातात आणि मागून आलेली फाइल आधीचीवर बसते. येथे कोणताही इशारा येत नाही. हिरवी खूण येते, आणि सलीमचे खाते गेलेले असते.

पडद्यावर विचित्र काही दिसले की आपले लोक घाबरतात, किंवा काहीच मनावर घेत नाहीत. खरे तर दिसते काय, यावरून पुष्कळ कळते. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसले तर बहुधा फक्त फॉन्ट नाही; नाव शाबूत आहे. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी 'ए' पुन्हा पुन्हा दिसला, किंवा झिप फाइल उघडल्यावर ग्रीक 'अल्फा'ची रांग दिसली, तर नाव चुकीच्या तक्त्याने वाचले जात आहे. मूळ नाव आत अजून आहे, योग्य प्रोग्रामने ते परत वाचता येते. म्हणून अशा फायली कोणी पुसू नयेत. परंतु खुद्द फायलीच्या नावातच रेघा किंवा दुसरी भरतीची चिन्हे बसली असतील तर ते नाव गेले. आतला मजकूर असेल, नाव परत येणार नाही. यात एक गंमत अशी की प्रश्नचिन्हे नुसती लॉगमध्ये दिसत असतील तर कधी कधी काहीच बिघडलेले नसते. विंडोजबरोबर येणारा रोबोकॉपी हा प्रोग्राम मराठी नावाच्या फायली नीट उचलतो, पण साध्या लॉगमध्ये त्यांच्याऐवजी प्रश्नचिन्हे लिहून ठेवतो. त्याला 'युनिलॉग' हा पर्याय दिला की तीच नावे मराठीत उमटतात. तेव्हा लॉग पाहून निकाल देऊ नये. बॅकअपची डिस्क उघडून फाइल आहे की नाही ते पाहावे.

चूक येते त्या दिवशी काय करावे? सर्वात आधी, घाईने सगळ्या फायलींची नावे बदलू नयेत. एका एक्सेल फायलीतून दुसरीत आकडे ओढलेले असतात; दुसरीचे नाव बदलले की ती साखळी तुटते. छपाई आणि डिझाइनचे काम करणाऱ्या आमच्या बांधवांच्या कोरलच्या फायलींत बाहेरची चित्रे जोडलेली असतात, त्यांचेही तेच. त्याऐवजी ज्या फोल्डरवर प्रोग्राम अडला, तेच फोल्डर नेहमीच्या कॉपी-पेस्टने त्याच बाहेरच्या डिस्कवर टाकून पाहावे. ते गेले, तर डिस्क चांगली आहे, नावेही चांगली आहेत, आणि दोष बॅकअपच्या प्रोग्रामचा आहे हे पाच मिनिटांत ठरते. विक्रेत्याशी बोलताना हा पुरावा फार उपयोगी पडतो. तेवढ्याने त्या रात्रीपुरता हाताने घेतलेला बॅकअपही होतो.

कॉपी-पेस्टही अडले, तर मात्र नावाच्या लांबीकडे पाहावे. विंडोजमध्ये बहुतेक प्रोग्राम ड्राइव्हपासून फायलीपर्यंतच्या पूर्ण पत्त्याला २६० चिन्हांची मर्यादा धरून चालतात. फोल्डरात फोल्डर करण्याची आपली सवय त्यात अडते. अनेक पेढ्यांवर हल्ली नेटवर्कवरचा साठवणीचा डबा असतो आणि तो आतून लिनक्सवर चालतो. तेथे एका नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, उर्दू अक्षराला दोन, आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, वेलांटी, हलन्त, अनुस्वार सगळे वेगळे मोजून. 'स्त्री' हा दिसायला एक अक्षर असलेला शब्द अठरा बाइट खातो. इक्रिप्टएफएस या पद्धतीने कुलूप लावलेल्या फोल्डरमध्ये तर ही मर्यादा १४३ बाइटवर येते. 'मालेगाव शाखा कारागिरांची मजुरी आणि उचल हिशेब सुधारित' असे नाव एक्सेलच्या शेपटीसह १४७ बाइट होते. म्हणजे अडले! आमच्याकडे 'सुधारित', 'अंतिम', 'नवीन अंतिम' असे शब्द जोडत जाण्याची खोड आहे, ती सोडलेली बरी. त्या जागी तारीख अंकांत घालावी.

एक गोष्ट खास मराठीची आहे आणि ती सांगणारा दुरुस्तीवाला आम्हाला अजून भेटलेला नाही. 'व्यापाऱ्यांची बाकी' या नावातील 'ऱ्यां' दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका की-बोर्डावर त्यासाठी युनिकोडमधील खास 'ऱ' वापरला जातो. दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला दोन वेगळी नावे. मॅकच्या जुन्या डिस्कपद्धतीत तर तो खास 'ऱ' फोडून र आणि त्याखाली नुक्ता असा ठेवला जातो. उर्दूतही हाच प्रकार. अरबी की-बोर्डाचे 'काफ' आणि 'ये' वेगळे, उर्दू की-बोर्डाचे वेगळे. पुतण्याने घरच्या संगणकावर एक फाइल केली, मुनीमजींनी पेढीवर दुसरी केली, की एकाच नावाच्या दोन फायली शेजारी शेजारी दिसतात आणि कोणती खरी हे कळत नाही. अशा वेळी मोठ्या-छोट्या आकाराकडे न पाहता दोन्ही उघडून शेवटची नोंद पाहावी, आणि पुढे पेढीवर सर्वांनी एकच की-बोर्ड ठेवावा.

झिपविषयी थोडक्यात. झिपच्या मूळ व्यवस्थेत नावासाठी जुना अमेरिकी तक्ताच होता. युनिकोड नावांची सोय त्याच्या नियमांत २००६ साली आली, आणि विंडोज एक्सपीतील झिप तर आपली नावे सरळ नाकारत असे. आजही दुकानात एखादा जुना संगणक चालू असेल तर तेथे केलेली झिप दुसरीकडे उघडून पाहिल्याशिवाय भरवसा ठेवू नये. सेव्हन-झिपच्या स्वतःच्या साच्यात नावे युनिकोडमध्येच राहतात.

जुन्या खिडकीच्या प्रोग्रामांसाठी विंडोज १०मध्ये २०१८ साली एक उपाय आला. कंट्रोल पॅनेलमध्ये 'रीजन', त्यात 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह', त्यात 'चेंज सिस्टिम लोकेल', आणि तेथे यूटीएफ-८ची चौकट. तिच्यावर खूण केली की जुन्या खिडकीवरही आपली अक्षरे चालू लागतात. पण ज्यांच्याकडे जुन्या फॉन्टांवर चालणारे डीटीपीचे किंवा हिशेबाचे प्रोग्राम आहेत त्यांची कामे यामुळे बिघडू शकतात. म्हणून आधी पूर्ण कॉपी घ्यावी, चौकट लावून सगळे प्रोग्राम एकदा चालवून पाहावेत, आणि बिघाड दिसला तर खूण काढून टाकावी.

एवढे बोलून आम्ही एक तडजोड मान्य करतो. संगणकावरील वापरकर्त्याचे नाव, सगळ्यात वरचे फोल्डर आणि बॅकअपच्या डिस्कचे नाव इंग्रजी अक्षरांत व अंकांत असावे. विंडोजमध्ये स्थानिक वापरकर्ता मराठी नावाने काढला की त्याचे घरचे फोल्डरही मराठी नावाचे होते, आणि मग जुन्या खिडकीवरचा प्रत्येक प्रोग्राम दारातच अडतो. नंतर वापरकर्त्याचे नाव बदलले तरी त्या फोल्डरचे बदलत नाही. नवा वापरकर्ता काढून सामान तिकडे न्यावे लागते. दाराची पाटी इंग्रजी असल्याने कोणाचे काही जात नाही. आतल्या कपाटांवर मात्र कापडवाल्याने, सतार घडवणाऱ्याने, जरीकामवाल्याने आपल्याला वाचता येईल तेच लिहावे.

बाकी जबाबदारी विकणाऱ्याची. आमचे म्हणणे असे की प्रोग्रामचे पैसे देण्यापूर्वी त्याच्यासमोर चार फायली ठेवाव्यात : एक इंग्रजी नावाची, एक जोडाक्षरे आणि 'ऱ्या' असलेल्या मराठी नावाची, एक उर्दू, एक लांबलचक नावाची. त्यांच्याबरोबर सलीम आणि करीमही ठेवावेत. बॅकअप घ्यायला लावावा, तो दुसऱ्या संगणकावर परत उतरवायला लावावा आणि प्रत्येक फाइल उघडून दाखवायला सांगावी. फोल्डरवर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज' पाहिले की फायलींची संख्या कळते. दोन्हीकडे ती सारखी हवी. कापडाचा तागा आपण मोजून घेतो, मग येथे लाज कसली? विक्रेता 'मराठीचे नंतर पाहू' म्हणाला तर त्याला नंतरच पैसे द्यावेत. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. सहा वर्षांनी अधिकाऱ्यासमोर उभे राहताना 'प्रोग्रामला मराठी येत नव्हते' हे उत्तर चालणार नाही.

मालेगावच्या स्नेह्यांनी बसलेली डिस्क दुरुस्तीला पाठवली होती. बऱ्याच फायली परत आल्या, पण नावे नाहीत, नुसते अनुक्रमांक. शुक्रवारी कारखाना बंद असतो, तेव्हा मुनीमजी आणि पुतण्या एकेक फाइल उघडतात, आत कोणाचे खाते आहे ते वाचतात आणि तिला पुन्हा मराठीत नाव देतात. त्या वयस्क कारागिराची फाइल अजून सापडलेली नाही. शेठनी तूर्त बाराशेच धरले आहेत.